टर्नर आंटीची संहिता

आमच्या घरात अक्षर गिळणं हा मोठा गुन्हा होता. ताटात अन्न टाकलं तर आई रागवायची, पण परवचा म्हणताना एखादं जोडाक्षर अर्धवट सोडलं तर अण्णा नुसते थांबायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे, आणि ते बघणं आईच्या रागापेक्षा वाईट असायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी, सुभेदारांच्या काळी देवळांच्या पूजेअर्चेसाठी इकडे आलेलं. मुंज झाल्यापासून अण्णांनी शहरातल्या घरी आपल्या काकांकडे वेदाची संथा घेतली होती. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा, स्वराच्या चढउतारासकट जसंच्या तसं; अर्थ कळो न कळो. पुढे पोटापाण्यासाठी अण्णा रेल्वेत लागले आणि झाशी स्टेशनावर सहाय्यक स्टेशन मास्तर झाले, पण जिभेची शिस्त सुटली नाही. इंग्रजीसुद्धा ते तसंच बोलायचे. प्रत्येक शब्द सुटा, घासून पुसून फळीवर लावलेल्या भांड्यासारखा, आणि शब्दातलं एकही अक्षर उपाशी राहणार नाही याची काळजी घेऊन. 'लिसन'मधला टी ते म्हणायचे, 'वेन्सडे'मधला पहिला डी म्हणायचे. लिहिण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निम्म्या कॉलनीचे अर्ज आमच्या ओटीवर लिहिले जायचे.

आमचं क्वार्टर आणि टर्नर साहेबांचं क्वार्टर एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती. टर्नर साहेब मेल ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन, अंगानं दांडगे आणि घरात अगदी गप्प. त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं त्यांची बायको बोलायची. ती टर्नर आंटी. फुलाफुलांचा झगा, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला, आणि कमरेवर एक हात कायमचा ठेवलेला. तिच्या परसात कोंबड्या होत्या आणि त्या आमच्या तुळशीपाशी येऊन माती उकरायच्या. आई ओरडायची, "ओ आंटी, अपनी मुर्गी सम्हालो जी!" आणि पलीकडून उत्तर यायचं, "मुर्गी हमारा बात नहीं सुनता, मास्टरनी, तुम बोलो उसको!" एवढं झालं की आंटी पेरूंनी भरलेली टोपली भिंतीवरून अलीकडे सरकवायची आणि भांडण मिटायचं. पेरू आम्हांला चालायचे. बाकी तिच्या घरचं काही चालायचं नाही. रविवारी तिकडे खिम्याच्या गोळ्यांची आमटी शिजायची, तिला ती बॉल करी म्हणायची, आणि वास भिंत ओलांडून आला की आई मुकाट्यानं उदबत्ती लावायची. आई तिच्याकडे संक्रांतीला तिळाच्या वड्या आणि होळीला पुरणाची पोळी पाठवायची. पोळी आंटी जॅम लावून खायची. हे आईला मी कधी सांगितलं नाही.

मला आंटीचं इंग्रजी ऐकायला आवडायचं. शाळेत आम्ही शिकत होतो ती भाषा आणि ही भाषा एकच आहे, हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. आमच्या शाळेत 'व्हॉट आर यू डूइंग' असे चार शब्द होते. आंटीच्या तोंडी तो एकच होता, 'वॉच्याडूइन'. 'गिव्ह मी'चं 'गिम्मी' व्हायचं, 'कप ऑफ टी'चं 'कप्पाटी', 'टेन मिनिट्स'चं 'टेम्मिनिट्स'. 'अँड' तर तिच्या बोलण्यात नावालाही उरला नव्हता, 'ब्रेड'न्बटर'मध्ये नाकातून जेवढा निसटेल तेवढाच. पुढे जन्मभर मी मुलींना इंग्रजी शिकवलं, तेव्हा या सगळ्याला नावं आहेत हे कळलं. परवा माझ्या नातीनं फोनवर एक बाई दाखवली. घाईच्या बोलण्यात इंग्रजी शब्द एकमेकांत कसे मिसळतात ते ती तोंडाचे नाना आकार करून शिकवते आणि तिला हजारो लोक बघतात म्हणे. त्या वयात मला एवढंच कळलं होतं की त्यांच्या वाक्यात एखादाच शब्द वरमाईसारखा मिरवत येतो आणि बाकीचे अंग चोरून भिंतीला लागतात. आपल्या मराठीत सगळेच शब्द मानकरी. म्हणून आपण इंग्रजी बोललो की लग्नातल्या पंगतीसारखं लांबत जातं.

आता मुख्य गोष्ट. झाशीला कंट्रोल ऑफिस होतं. तिथला माणूस कानाला हेडफोन लावून बसतो आणि लाइनीवरच्या सगळ्या स्टेशनांशी बोलून कुठली गाडी थांबवायची आणि कुठली पुढे काढायची ते ठरवतो. अण्णांना ती जागा हवी होती. नियमांची पुस्तकं त्यांना पाठ होती, लेखी परीक्षेत ते पहिले आले होते. पण तोंडी परीक्षेत वरचे साहेब तोंडात पाइप धरून भराभर बोलायचे आणि अण्णांना ऐकू येऊनही कळायचं नाही. पहिल्या वेळी ते इतक्यांदा 'बेग युवर पार्डन, सर' म्हणाले की साहेब शेवटी म्हणाले, समोर बसलेल्याचं ज्याला कळत नाही त्याला तारेपलीकडच्याचं काय कळणार? यात साहेबांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुन्हा बसायची एकच संधी होती. आणि अण्णांची झाशीतली मुदत संपत आली होती. निवड झाली तर झाशीतच राहायचं, नाही झाली तर मानिकपूर लाइनीवरचं एखादं लहानसं स्टेशन, जिथे पॅसेंजर सोडून काही थांबत नाही आणि शाळा असलीच तर चौथीपर्यंत. मी नववीत होते. मला शिकायचं होतं. आज हे मी सरळ लिहू शकते. तेव्हा असं म्हणायची रीत नव्हती. पण अण्णांना ते ठाऊक होतं, कारण मी शाळेतून आले की ते माझं इंग्रजीचं पुस्तक मागून घ्यायचे आणि माझ्याआधी पुढचा धडा वाचून ठेवायचे.

एके सकाळी अण्णा पूजा आटोपून परसात सूर्याला पाणी देत होते आणि भिंतीपलीकडे आंटी कोंबडीवर ओरडली, "वॉच्याडूइन देअ, यू!" मी सहज अण्णांना म्हटलं, "म्हणजे व्हॉट आर यू डूइंग देअर." अण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अगं, मग हा तर पदपाठ आणि संहितापाठ!" वेद म्हणायच्या या दोन तऱ्हा. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा म्हणतात, संहितेत ते एकमेकांत मिसळून वाहत जातात, आणि मिसळताना त्यांची टोकं बदलतात. अण्णांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचितच पाहिला. "आपण आजवर इंग्रजीचा नुसता पदपाठच केला की गं," ते म्हणाले. "संहिता कुणी शिकवलीच नाही." त्या दिवसापासून मी शाळेतून आले की आंटीकडे जाऊन बसायचे आणि तिथे ऐकलेलं घरी येऊन अण्णांना म्हणून दाखवायचे. चार दिवस त्यांनी ते घेतलं, मग मान हलवली. "तुझ्या तोंडून स्वर पडतो, कुसुम. विद्या गुरुमुखातूनच घ्यायला हवी."

आणि माझ्या वडिलांनी, जे शेजारच्या बाईकडे मान वर करून बघायचे नाहीत, त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, कोट चढवला, तबकात नारळ, सुपारी आणि आईच्या ट्रंकेतला एक खण घेतला, मला बरोबर घेतलं आणि टर्नर साहेबांचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "होल्ड्यरॉर्सिज् मेन, आम्कमिन्!" घोडे आवरा जरा, येतेय मी. दार वाजवणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत, आंटी हेच म्हणायची. 'मेन' हे तर तिच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट, समोर बाई असली तरी. दार उघडून तिनं नारळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "क्या हुआ मास्टर? कोई मर गया क्या?"

"जी नहीं," अण्णा म्हणाले. "हमें आपसे अंग्रेजी की संथा लेनी है. आप गुरु, हम शिष्य."

आंटी पोट धरून हसली. पण अण्णा हसत नाहीत असं पाहून थांबली. "हम क्या सिखाएगा, मेन? हम छठा क्लास में स्कूल छोड़ के भागा. तुम तो सबका अर्जी लिखता है." मग तिनं तो खण उलटासुलटा करून पाहिला, उन्हात धरला. तिला तो फार आवडला. "ऐसा करो," ती म्हणाली, "तुम उधर बैठो, हम अपना काम करेगा. जो सुनना है सुनो." एवढीच तिची अट.

मग रोज, अण्णांची ड्यूटी दुपारची असली की सकाळी आणि सकाळची असली की दुपारी, ते आंटीच्या व्हरांड्यात लाकडी खुर्चीवर ताठ बसायचे आणि मी शेजारी पायरीवर. आंटी वाटाणे सोलायची, कपडे वाळत घालायची, खानसाम्याला झापायची, नवऱ्याला हाका मारायची. ती एकदा बोलली की अण्णा दोनदा म्हणायचे. कोंबडी पायात आली, आंटी किंचाळली, "गेराउटविट्!" की लगेच अण्णांचा गंभीर आवाज, "गेराउटविट्. गेराउटविट्." स्वर वर गेला की त्यांचा तळहात वर जायचा, उतरला की खाली. आंटीला पहिले दोन दिवस हसू आवरेना. मग तिला सवय झाली, आणि नंतर तर गोडी लागली. अण्णा यायच्या वेळेला ती झगा बदलून तयार असायची, आणि टर्नर साहेब जेवढं वर्षात बोलले नसतील तेवढं ती त्या तासाभरात त्यांच्याशी बोलायची. अण्णांनी एक काना, एक मात्रा बदलली नाही. आवाज किती बारीक होतो, 'मेन'वर सूर कसा लांबतो, रागावताना कमरेवरचा हात कुठे जातो, सगळं घेतलं. कमरेवरचा हात मात्र मी त्यांना सोडायला लावला.

घरी पूजेनंतर उजळणी. आधी पदपाठ, 'टेल – हिम – आय – अॅम – नॉट – इन', मग संहिता, 'टेलिम्'म्नॉटिन'. एकीकडे आईच्या पाट्यावर वाटण्याचा आवाज, यार्डात शंटिंगच्या धडका, आणि मधे आम्ही दोघं. माझा धाकटा भाऊ वसंता नुकता बोलायला लागला होता, तो 'आई'च्या आधी 'गिम्मी' म्हणायला शिकला. दूधवाला दारात कान देऊन उभा राहायचा. एकदा त्यानं आईला विचारलं, "काय बाई, जो कौन सो पाठ चल रओ है?" आई म्हणाली, "अंग्रेजों के देवता का." मग आत येऊन अण्णांना म्हणाली, "अहो, पण हे असं साहेबासमोर बोललेलं चालतं ना? ती तर कोंबड्यांनाही असंच बोलते."

अण्णांनी तिला समजावून सांगितलं, आणि ते मलाही पटलं. "आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. त्यांच्यात अरेतुरे नाहीच. साहेबालाही यू आणि कोंबडीलाही यू. म्हणजे त्या भाषेत उद्धटपणाला जागाच ठेवलेली नाही." आईला काही पटलं नसावं. पण इंग्रजीत ती अण्णांच्या पुढे काय बोलणार?

तोंडी परीक्षेच्या दिवशी आईनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. अण्णा निघाले तेव्हा आंटी फाटकाशी उभी होती. तिनं छातीवर क्रूस काढला आणि नंतर, आठवण होऊन, हातही जोडले. मी त्या दिवशी शाळेत गेले, पण फळ्यावर काय लिहिलं होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही. घरी आले तेव्हा अण्णा जेवत होते. वरणभात, भोपळ्याची भाजी. त्यांनी सगळं ताट संपवलं, हात धुतले आणि पाटावर परत बसून, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं सांगितलं.

साहेबांचं सगळं कळलं होतं. पाइप तोंडात असूनही एकेक शब्द कळला, एकदाही पार्डन म्हणावं लागलं नाही. पहिल्या प्रश्नांची उत्तरं अण्णांनी आपल्या नेहमीच्या सुट्या इंग्रजीत दिली आणि ती बरोबर होती. साहेबांनी मान डोलावली. मग साहेब रंगात आले. मेल उशिरा धावतेय, मालगाडी पुढे आहे, पलीकडून दुसरी येतेय, काय कराल? अण्णा क्रमानं सांगू लागले. ते अर्ध्यावर असताना साहेबांनी मधेच पुढला प्रश्न टाकला. अण्णांना वाटलं, थोडा वेळ मागून घ्यावा. थोडं थांबा, सांगतो, असं सभ्यपणे म्हणावं. आणि असं म्हणायची एक संहिता त्यांना पाठ होती. ती ऐकून दारातला प्रत्येक माणूस थांबलेला त्यांनी स्वतः पाहिला होता, पाद्रीसुद्धा. अण्णांनी तळहात वर केला आणि टर्नर आंटीच्या बारीक, वैतागलेल्या, स्वयंपाकघरातून फेकलेल्या आवाजात, एकही स्वर न पाडता, ते झाशीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाला म्हणाले, "होल्ड्यरॉर्सिज् मेन, आम्कमिन्!"

"मग?" आईनं विचारलं.

"मग बाजूला बसलेले एक साहेब हसायला लागले. त्यांना हसू आवरेना, ते उठून खिडकीपाशी गेले. मोठे साहेब हसले नाहीत." अण्णांनी पाटावरची शितं बोटानं गोळा केली. "ते म्हणाले, यू मे गो. अगदी सावकाश म्हणाले. तीन शब्द सुटे."

आईनं पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, ते मला दिसलं नाही. मला स्वतःला फक्त रडू आलं, आणि ते अण्णांसाठी नव्हतं, माझ्या शाळेसाठी होतं. अण्णांना ते कळलं असावं, कारण त्यांनी मला पाणी प्यायला दिलं. आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला.

लोको शेडमध्ये ही गोष्ट टर्नर साहेबांच्या आधी पोचली होती. मास्टरनं मोठ्या साहेबाला घोडे आवरायला सांगितलं म्हणून ड्रायव्हर-फायरमन पोट धरधरून हसत होते. आंटीला कळलं तेव्हा ती तशीच, नवऱ्याच्या चपला पायात, आमच्या घरात शिरली. आजवर ती आमच्या ओटीपलीकडे आली नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी चपला काढायचं मात्र तिला सुचलं. तिचं नाक लाल झालं होतं. "काहे को हमारा माफिक बोला, मेन?" ती अण्णांवर ओरडली. "हम कौन है? हम तो कुछ नहीं है! ये बात हम पोस्टमन को बोलता, बड़ा साहब को कोई बोलता?"

"गुरु का स्वर बदला नहीं जाता," अण्णा म्हणाले.

आंटी मटकन खालीच बसली, आमच्या आईच्या पाटावर, आणि मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर झग्याच्या बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, "तुम लोग जाओ. कुसुम नहीं जाएगा. कुसुम हमारे पास रहेगा और स्कूल पढ़ेगा."

 आईनं नुसतं अण्णांकडे पाहिलं. शहरातल्या काकांचं घर होतंच, आणि अण्णा दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिकडे गेले. काका म्हणजे माझे चुलत आजोबा, अण्णांचे गुरू. पांढरी शेंडी, कोरडा आवाज. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "राहू दे मुलगी," ते म्हणाले. "घरात चार बायका आहेत, त्यांच्या हाताखाली तयार होईल. शाळेबिळेचं मात्र बंद. ग्वाल्हेरचं एक स्थळ आहे माझ्या डोळ्यांसमोर." अण्णांनी विचारलं, शाळा चालू ठेवता येणार नाही का. काका म्हणाले, नाही. मग अण्णांनी आंटीचं सांगितलं.  "म्लेंच्छाच्या घरी मुलगी ठेवणार असशील," काका म्हणाले, "तर या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस."

अण्णा उठले, त्यांनी काकांना साष्टांग नमस्कार घातला. "काका, संथा तुम्ही दिलीत, तशीच तिनंही दिली आहे," ते म्हणाले. "गुरूच्या घरी शिष्याची मुलगी राहिली तर ती बाटत नाही, असं तुम्हीच शिकवलंत."  काकांच्या घरी ते पुन्हा गेले ते काकांच्या तेराव्याला, आणि तेव्हाही त्यांना बाहेरच बसवलं.

अशी मी टर्नर आंटीकडे राहिले. आईनं जायच्या आधी आंटीच्या मागच्या व्हरांड्यात माझी शेगडी मांडली, पाण्याचा वेगळा हंडा ठेवला, डाळ-तांदळाचे डबे लावले आणि मला वरणाला फोडणी द्यायला शिकवली. आंटीनं कोंबड्यांचं खुराडं लांब हलवलं आणि व्हरांड्याच्या तोंडाला जाळी ठोकून घेतली. रविवारी बॉल करी चढवायच्या आधी ती येऊन माझ्या बाजूचं दार लावायची, आणि माझ्या खिडकीत उदबत्ती लावून ठेवायची. आई उदबत्ती का लावते ते ती इतकी वर्षं भिंतीपलीकडून ओळखून होती, तर! मला शरम वाटली, पण तिनं त्याचं काही मनात धरलेलं नव्हतं. माझी वेणी ती फार घट्ट घालायची. परीक्षेच्या वेळी मेणबत्ती लावायला चर्चमध्ये जायची. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तिनं आख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, एका श्वासात, आणि त्यातलं माझं नाव तेवढं नवख्याला कळलं असतं.

अण्णांना सुटी मिळाली की ते पॅसेंजरनं यायचे, पिशवीत आईनं दिलेले लाडू, आणि आंटीचं दार वाजवायचे. आतून ती ओरडायची, होल्ड्यरॉर्सिज् मेन, आम्कमिन्. अण्णा पायरीवर टोपी काढून उभे राहायचे आणि पुटपुटत दोनदा म्हणायचे. पुन्हा कंट्रोलचं नाव त्यांनी काढलं नाही. लहान स्टेशनांवरच त्यांची नोकरी संपली. तिथे ते सुखी होते का? मी एकदा विचारलं होतं. "काम ठीक आहे," म्हणाले. "बोलायला कुणी नाही." मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

टर्नर साहेब निवृत्त झाले तेव्हा अँग्लो-इंडियनांची बरीच घरं परदेशी निघाली होती, एकामागून एक रिकामी होत होती. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता, तिकडे दोघं गेले. मुंबईच्या मेलला पोचवायला आम्ही सगळे स्टेशनवर होतो. अण्णांनी पुन्हा नारळ आणला होता आणि एक खण. आंटी खिडकीतून म्हणाली, "कुछ तो बोलो मास्टर, इतना पढ़ाया तुमको." मला वाटलं आता ते संहिता म्हणणार. पण अण्णा हात जोडून उभे राहिले आणि आपल्या इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा, एकही अक्षर न गाळता म्हणाले, "थँक – यू – व्हेरी – मच – मॅडम." गाडी हलेपर्यंत आंटी त्यांच्याकडे बघत होती. दोन-तीन नाताळ तिची कार्डं आली. मग बंद झाली.

तिचा आवाज कुठे धरून ठेवलेला नाही. तेव्हा कोण धरून ठेवत होतं? एक फोटो आहे, त्यात ती तोंड मिटून उभी आहे, तशी ती कधीच नव्हती. आज झाशीत तसं बोलणारं कुणी राहिलं असेल असं मला वाटत नाही. नातीच्या फोनमधली ती बाई हुशार आहे, सगळं बरोबर सांगते, पण तिच्या बोलण्यात कोंबड्या नाहीत.

निवृत्तीनंतर अण्णा झाशीला परत आले आणि तिथल्या नगरा वस्तीत घर घेऊन राहिले. आई गेल्यावर त्यांचं एकेक विसरत गेलं. आधी गावं, मग नातेवाईक, मग वेद. ज्या संथेसाठी त्यांनी लहानपण घालवलं तिच्यातलं एक अक्षर उरलं नाही. शेवटच्या वर्षी त्यांना मीही आठवत नव्हते. कोण बाई आहेत म्हणून ते वसंताला हळूच विचारायचे. मी रोज शाळा सुटली की त्यांच्याकडे जायचे. ते आतल्या खोलीत पलंगावर असायचे आणि बाहेरचं दार सताड उघडं असायचं, कुणीही सरळ आत जावं. तरी मी बाहेर उभी राहून कडी वाजवायचे. मग आतून, त्या थकलेल्या म्हाताऱ्या गळ्यातून, बारीक, वैतागलेला, एकही स्वर न पडलेला आवाज यायचा.

"होल्ड्यरॉर्सिज् मेन, आम्कमिन्!"

आणि मी थांबायचे.